पॅरिसचा नियम आणि आपलं तळं



परवा संस्थेच्या बैठकीत बीज कुठून आणायचं यावर बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, या वर्षी हॅचरीकडं आरोग्याचा दाखला मागूया, आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा तसं आहे. तर आपले एक ज्येष्ठ मामा सरळ विचारून बसले, "सेक्रेटरी, आमच्या तळ्यातल्या रोहूला बरं आहे का नाही हे पॅरिसच्या लोकांनी ठरवायचं काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर बैठकीत दोन मिनिटांत देणं मला जमलं नाही, म्हणून इथं लिहितोय. जरा लांबलंय, पण बीज सोडायच्या आत वाचून घ्या.

पॅरिसला खरंच एक संस्था आहे. आता तिला जागतिक प्राणी आरोग्य संघटना म्हणतात, पूर्वीपासून ओआयई नावानं ओळखतात. तिची गोष्ट आपल्याच देशाच्या गुरांपासून सुरू होते हे पुष्कळांना माहीत नसेल. १९२० साली भारतातली वशिंडाची गुरं जहाजातून ब्राझीलला निघाली होती. वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात थांबली, आणि तिथं बुळकांड्या रोग पसरला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडात बुळकांडीचं नाव होतं, गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. युरोपवाले हादरले. एका देशात रोग आला की त्यानं बाकीच्यांना कळवायचं, लपवायचं नाही, एवढ्या एका मुद्द्यावर २८ देशांनी २५ जानेवारी १९२४ ला सह्या केल्या. आता १८० हून जास्त देश आहेत, भारतही आहे. दरवर्षी मे महिन्यात बैठक होते आणि प्रत्येक देशाला एकच मत. अमेरिकेला एक, आपल्याला एक. तो बुळकांड्या २०११ साली जगातून गेला असं अधिकृत जाहीर झालं. म्हणजे नुसती कागदं रंगवणारी संस्था नाही ही.

माशांसाठी त्यांनी १९६० साली वेगळी समिती केली. १९९५ मध्ये पाण्यातल्या प्राण्यांच्या आरोग्याची नियमसंहिता पहिल्यांदा छापली. त्यात रोगांची यादी आहे. यादीतला रोग देशात नव्यानं पक्का सापडला की २४ तासांत कळवायचं. जिवंत मासा किंवा बीज एका देशातून दुसऱ्या देशात जाताना दाखला कसा असावा, तपासणी कशी करावी, औषधं किती आणि कुणाच्या सल्ल्यानं वापरावीत, मेलेल्या माशाची विल्हेवाट कशी लावावी, सगळं लिहिलंय. जागतिक व्यापार संघटना भांडण सोडवताना याच नियमांकडं बघते. म्हणून निर्यात करणारे कोळंबीवाले हे नियम पाठ करून असतात. आपण मात्र रोहू, कटला, मृगळ निपाणीच्या, चिकोडीच्या, संकेश्वरच्या बाजारात विकतो. आपला मासा घाटाच्या पलीकडंसुद्धा क्वचित जातो. मग आपल्याला काय त्याचं?

इथंच मामांचं आणि माझं थोडं वेगळं पडतं.

एका रोगाचं सांगतो. ईयूएस म्हणतात त्याला, आपण जखमांचा रोग म्हणूया. माशाच्या अंगावर लाल डाग येतो, मग तिथं खोल जखम पडते, आतलं मांस दिसायला लागतं. पाण्यातल्या बुरशीसारख्या एका जिवामुळं होतो. १९७१ साली जपानमध्ये दिसला, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात, मग हळूहळू थायलंड वगैरे करत १९८८ ला बांगलादेश, आणि त्याच वर्षी आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत. तिथून चार-पाच वर्षांत दक्षिणेपर्यंत खाली उतरला. त्या काळात लोकांनी मासा खाणंच सोडलं होतं. खरं म्हणजे हा रोग माणसाला होत नाही, पण जखमा बघून कोण विकत घेणार? ज्यांच्या तळ्यात रोग नव्हता त्यांचाही मासा पडून राहिला.

तो इतक्या लांब कसा चालत आला? पाण्यानं आला, पुरानं आला, पण बराचसा माणसांनी आणला. जिवंत माशातून, बीजातून. रोहू, कटला, मृगळ हे मुळात आपल्या कृष्णेचे मासे नव्हेत, गंगेकडचे. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांची अंडी काढून दाखवली, तेव्हापासून देशभर हॅचऱ्या झाल्या आणि आपल्यासारख्यांच्या तळ्यांत हे मासे आले. (१० जुलैला मत्स्यशेतकरी दिवस का असतो, याचं उत्तर हेच. दरवर्षी आपण फक्त हार घालून फोटो काढतो.) आपली चूल त्यावर चालते, त्यात वाद नाही. पण बंगालचं, आंध्रचं बीज ट्रकमधून दोन दिवसांत आपल्याकडं येतं, तसा त्यांचा रोगही दोन दिवसांतच येणार. १९८८ मध्ये त्याला वर्षं लागली होती.

आता आपल्या संस्थेचंच सांगतो. झाकून ठेवण्यात अर्थ नाही, सभासदांना माहीतच आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून स्वस्तात बोटुकली मिळाली म्हणून घेतली. बिलावर नुसतं "मत्स्यबीज" आणि नगाचा आकडा. कोणत्या तळ्यातलं, कधी काढलेलं, काही नाही. थंडी पडली, आणि संक्रांतीच्या आधी मरळ मासे काठाला यायला लागले. अंगावर लाल चट्टे. मग मृगळ. आम्ही चुना टाकला, कुणी म्हणालं हळद टाका, तीही टाकली. अर्धंअधिक तळं गेलं. ठेक्याचे पैसे मात्र पूर्ण भरावे लागले.

त्यातली खरी चूक माझी. मी मेलेले मासे गोळा केले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले, आणि एसटीनं एका तपासणीच्या ठिकाणी पाठवून दिले. बर्फ नाही, काही नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं, नमुना तपासण्याजोगा नाही. तेव्हा मला राग आला होता त्यांचा. नंतर एका ट्रेनिंगला गेलो तेव्हा समजलं की सडलेल्या माशातून काहीच कळत नसतं. जिवंत आजारी मासा ऑक्सिजनच्या पिशवीत न्यायचा, ते जमलं नाही तर नुकताच मेलेला बर्फात, पण फ्रीजरमध्ये गोठवायचा नाही. आणि सगळ्यात मोठी जखम असलेला मासा उचलायचा नाही, नुकता लाल डाग उमटलेला उचलायचा. कारण मोठ्या जखमेत बाकीचे जंतू शिरून मूळ रोग झाकून टाकतात. आम्ही नेमकं उलटं केलं होतं, सगळ्यात भयंकर दिसणारे मासे निवडून पाठवले होते!

नमुना असा घ्यायचा हे कुठं लिहिलंय? त्या पॅरिसवाल्यांच्याच पुस्तकात. मामा, म्हणून म्हणतो, ते पुस्तक आपल्यासाठीही आहे.

तुम्ही म्हणाल, रोग कळला असता तरी मासे वाचले असते काय? खरं सांगायचं तर फारसे नाही. भुवनेश्वरच्या सीफा संस्थेनं या रोगावर सिफॅक्स नावाचं औषध काढलंय, एक हेक्टर पाणी एक मीटर खोल असेल तर एक लिटर. शेततळ्याला ठीक आहे. पण चाळीस हेक्टरचा तलाव तीन मीटर भरलेला असेल तर १२० लिटर झालं. कुठली संस्था घालणार? मोठ्या पाण्यात रोग शिरल्यावर आपल्या हातात काही नसतं. म्हणूनच तो शिरायच्या आत अडवायचा, आणि अडवायची जागा एकच, बीजाची पिशवी सोडायच्या आधी.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. मासा मेला की तो कशानं मेला यावर आपल्याकडं नेहमी वाद होतो, आणि त्या वादात आपल्या हातात कधीच कागद नसतो. पंचगंगेत शिरोळ तालुक्याकडं, तेरवाड बंधाऱ्याजवळ, मेलेल्या माशांचा थर तुम्ही पेपरात कितीदा तरी बघितलाय. तेच पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत येतं आणि पुढं आपल्या राज्यात. सांडपाणी सोडणारे म्हणतात रोग आला असेल. मासेमारी करणारे म्हणतात पाण्यात विष आहे. अधिकारी येतात, पाण्याची बाटली भरतात. तोवर लाट निघून गेलेली असते आणि बाटलीतलं पाणी चांगलं निघतं.

आपण जुने लोक थोडंफार ओळखतो म्हणा. पाण्यात प्राणवायू संपला तर मासा पहाटे वर येऊन तोंड उघडतो, सगळ्या जातीचे एकदम, आणि मोठे आधी मरतात. मरळ, मांगूर मात्र टिकतात, कारण ते वरची हवा घेतात. जखमांच्या रोगात उलटं, मरळ आधी सापडतो आणि सायप्रिनस, चिलापी बहुधा सुटतात. म्हणजे काठावर कोणता मासा मेलाय आणि कोणता जिवंत आहे, एवढं बघूनही पुष्कळ कळतं. पण आपलं बघणं पंचनाम्यात लिहिलं जात नाही. पंचनाम्यात "अज्ञात कारणाने मासे मृत" एवढंच येतं. अज्ञात कारणाला भरपाई नसते.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच. लाखो कोंबड्या मारल्या, पण पोल्ट्रीवाल्यांना पक्ष्यामागं भरपाई मिळाली. का मिळाली? कोंबडी जास्त लाडकी आहे म्हणून नव्हे. रोगाचं नाव होतं, प्रयोगशाळेचा कागद होता, यादीत नोंद होती. म्हणून सरकारला जबाबदारी घ्यावी लागली. आता २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या मत्स्य किसान समृद्धी योजनेत माशांच्या विम्याच्या हप्त्याला मदत आहे. घेणाऱ्यांनी पॉलिसीत रोग धरलाय का नाही हे डोळ्यांत तेल घालून वाचा. आणि धरला असला तरी रोग होता हे सिद्ध कोण करणार? पुन्हा कागदच.

आता बैठकीतल्या दुसऱ्या आक्षेपाकडं येतो, कारण तो मला झोपू देत नाही. एक दादा म्हणाले, "कळवून काय करू? उद्या बाजारात बातमी फिरली की निपाणीचा मासा रोगी, तर माझ्या बायकोच्या पाटीतला मासा कोण घेणार?" हे खरं आहे. गोव्याचं आठवतंय का? जुलै २०१८ ला तिथं मासळीत फॉर्मेलिन असल्याचा गवगवा झाला आणि सरकारनं पंधरा दिवस बाहेरची मासळीच बंद केली. पुढं गाड्या इन्सुलेटेड पाहिजेत, नोंदणी पाहिजे, अशा अटी आल्या आणि कारवारकडच्या छोट्या गाडीवाल्यांची सीमेवर अडवणूक झाली. ज्यांनी काही मिसळलं नव्हतं तेही अडकले. नियम वरून पडला की तो आधी लहान माणसाच्या डोक्यावर पडतो. मी नियमांच्या बाजूनं बोलतोय म्हणून हे विसरलोय असं समजू नका.

पण न कळवून काय होतं तेही बघा. आफ्रिकेत झांबेझी नदी आहे. तिच्या वरच्या भागात बोत्सवाना, नामिबिया, झांबिया या देशांच्या सीमा पाण्यावरच भेटतात. आपल्या दूधगंगा-वेदगंगेसारखंच, एका काठाला एक सरकार, दुसऱ्या काठाला दुसरं. २००६ च्या सुमारास तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात जखमी मासे यायला लागले. आफ्रिकेत हा रोग त्याआधी कधी नोंदलाच गेला नव्हता. जातिवंत तपासणी करून नाव कळलं तेव्हा तो जखमांचाच रोग निघाला. एका देशानं अडवून काय होणार, पाणी तर एकच. सगळ्यांना मिळून बघावं लागलं. आपल्याकडं तर देशही एकच आहे, फक्त राज्यं दोन. आणि तरीही काळम्मावाडीच्या खाली पाण्यात काय झालं ते आपल्याला फेसबुकवरनं कळतं, खात्याकडून नाही.

सीमाभागात राहण्याची ही एक गंमतच आहे. आपला परवाना कर्नाटकचा. मत्स्य कॉलेज मंगळूरचं, १९६९ चं, देशातलं पहिलं, नाव मोठं. पण निपाणीतून मंगळूरला आजारी मासा जिवंत न्यायचा म्हणजे रात्रभर गाडी. रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आंबा घाट उतरलं की आलंच, पण ते पलीकडच्या राज्याचं. कागद इकडं चालेल का, हा पहिला प्रश्न. माशाला कन्नड येत नाही आणि मराठीही येत नाही, पण त्याच्या रिपोर्टला राज्य असतं! सीमेचा वाद कोर्टात चालू दे, तो आपल्या पेजचा विषय नाही. पण रिपोर्ट कुठल्याही मान्य प्रयोगशाळेचा असला तर दोन्हीकडच्या खात्यांनी तो धरावा, एवढं मागायला काय हरकत आहे? पॅरिसच्या बैठकीत १८० देश एकमेकांचा दाखला मानतात. बेळगाव आणि कोल्हापूर मानत नाहीत म्हणजे कमाल आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१३ पासून लखनौच्या एनबीएफजीआर संस्थेच्या देखरेखीखाली देशभर माशांच्या रोगांवर नजर ठेवायचा कार्यक्रम आहे. चिलापीचा तो नवा विषाणू, टीआयएलव्ही, आपल्या देशात आहे हे २०१८ ला कळलं, पुढं तो जगाच्या यादीतही आला. जून २०२३ मध्ये "रिपोर्ट फिश डिसीज" नावाचं ॲप काढलं, मोबाइलवरनं फोटो टाकून कळवायचं. चांगलं आहे. मी घेतलंय. पण आमच्या तळ्यावर पहाटे जाळं ओढणाऱ्या काकांकडं बटणाचा फोन आहे. त्यांना ॲप नको, तालुक्याला एक माणूस पाहिजे, जो फोन केल्यावर ऑक्सिजनची पिशवी घेऊन दुपारपर्यंत येईल. एवढं झालं तर बाकीचं आपोआप होईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं की नियम आपल्याला नकोत असं म्हणून चालणार नाही, कारण ते येणारच. कोळंबीवाल्यांवर आले, गोव्याच्या गाड्यांवर आले, उद्या तळ्यावर येतील. ते येतील तेव्हा पहिली सक्ती मच्छीमारावर नको, बीज विकणाऱ्यावर पाहिजे. तो एका ठिकाणी बसून शंभर तळ्यांना माल देतो, त्याला तपासणं सोपं आहे. आपल्या शंभर संस्थांच्या मागं लागून काय मिळणार? आणि जो कळवील त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये. ठेक्याची रक्कम त्या वर्षापुरती कमी करा, पुढचं बीज द्या, काहीतरी करा. नाहीतर दादा म्हणतात तसंच होणार, लोक रात्रीत खड्डा काढून पुरतील आणि गप्प बसतील. खड्डा काढला तर बरंच म्हणायचं, काहीजण तर सरळ नदीत सोडून देतात आणि खालच्या गावाला रोग भेट देतात.

हो, हे आपलेच लोक करतात. एका तळ्यातलं ओलं जाळं तसंच जीपमध्ये टाकून दुसऱ्या तळ्यावर जाणारेही आपणच. जाळं कडक उन्हात पूर्ण वाळवलं तरी पुष्कळ फरक पडतो, त्याला पैसा लागत नाही. काहिलीच्या तळाला साठलेलं पाणीसुद्धा ओतून टाकत चला, होडी-मोटरवाल्यांनीही. आणि बंदी असलेला थाई मांगूर कुणीतरी अजून गुपचूप पाळतंय असं कानावर येतंय. नाव घेत नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

या वर्षी कमिटीनं ठरवलंय की बिलावर हॅचरीचं नाव, तळ्याचा नंबर आणि बीज काढल्याची तारीख नसेल तर पिशवी उतरवून घ्यायची नाही. स्वस्त मिळालं तरी नाही. आलेल्या बीजातलं थोडं आधी शेजारच्या छोट्या खड्ड्यात ठेवून दोन आठवडे बघायचं, मग तळ्यात. काही सभासदांना हा उशीर पटलेला नाही, पाऊस गेला तर काय करायचं म्हणतात. त्यांचं म्हणणं पुढच्या बैठकीत पुन्हा घेऊ. खाली कॉमेंटमध्येही लिहा, पण तुमच्या तळ्याचा अनुभव लिहा, नुसता अंगठा नको.

ऑफिसच्या कपाटात आता दोन ऑक्सिजनच्या पिशव्या, थर्माकोलची पेटी आणि नमुन्याच्या बाटल्या आणून ठेवल्यात. किल्ली माझ्याकडं एक आणि चहाच्या टपरीवर एक. थंडीत कुणाला मरळाच्या अंगावर लाल डाग दिसला तर किती वाजलेत ते बघू नका, फोन करा.

तुमचा,
सेक्रेटरी